तुळईचा डोंगा

बाभळीची फांदी सरळ दिसली की सोजराबाई मान फिरवून पुढं चालू लागे. तिला वाकडी फांदी हवी असे, कोपरात दुमडलेल्या हातासारखी. सरपणाला जाताना, शेळ्यांमागं जाताना तिचे डोळे झाडांच्या फाट्यांवर फिरत राहायचे. जळबानं तिला एकदाच सांगितलं होतं, "डोंग्याच्या फासळ्यांना झाडानंच वाकवलेलं लाकूड लागतं. सरळ लाकूड तासून वाकडं केलं का त्याची शीर तुटते. मग ते पाण्यात दम धरत न्हाई." तेवढ्या बोलण्यावर तिनं दुष्काळानंतरचे हिवाळे आसपासची शिवारं पालथी घालण्यात काढले होते.

दसऱ्याच्या दिवशी शेवटची फासळी निघाली. सकाळी निळ्या झेंड्यापाशी सगळ्या वस्तीची वंदना झाली, घरोघर गोडाचं शिजलं, आणि जेवणं व्हायच्या आतच जळबा घरामागच्या कापसाच्या पळाटीच्या छपराखाली उकिडवा बसला. फांदीचं एक टोक त्यानं पायाखाली दाबलं. दुसऱ्या टोकावर सोजराबाई बसली. वासला वर जायचा आणि त्याच्या दोन्ही पायांच्या मधून खाली यायचा. आधी साल उडाली, मग पांढरं लाकूड, मग आतलं तांबूस. ढलप्या तिच्या लुगड्याच्या ओच्यात येऊन पडत होत्या. घाव बोटभर चुकला तर नवऱ्याचा आंगठा गेला असता, पण तिनं डोळे मिटले नाहीत.

"थोडी सरक," जळबा म्हणाला.

ती सरकली.

"बास."

काम करताना दोघांत एवढंच बोलणं व्हायचं. डोंगा कशासाठी, हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. वस्तीत कुणी विचारलं तर तो म्हणे, "मासळी धरीन." ऐकणारा हसायचा, कारण जळबाला साधा गळ टाकता येत नव्हता. लाकूडकाम मात्र येत होतं. धरण बांधताना तो काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या ठोकायच्या टोळीत होता. पाटबंधारे खात्याची पाणी मापायची नाव नांदेडच्या रतनसिंग मिस्त्रीनं बांधली, तेव्हा जळबा त्याच्या हाताखाली राबला. काम संपल्यावर मिस्त्री आपला जुना वासला, रंधा आणि गिरमिट त्याच्या ओटीत टाकून निघून गेला होता.

छपरातून पाणी दिसायचं. सिद्धेश्वरच्या धरणाचा हा वरच्या अंगाचा फुगवटा. भोयांचे डोंगे खाली भिंतीकडं, ठेक्याच्या मासळीवर. इकडं कुणी फिरकत नसे. पाण्याच्या मधोमध एका कडूनिंबाचं वाळकं खोड उभं होतं. ते यांच्या जुन्या वावरातलं झाड. पावसाळ्यात नुसतं खोड दिसे. कालव्यांना पाणी सुटून संक्रांत सरली, की त्याच्या बुडाशी वावराचा उंच तुकडा म्हशीच्या पाठीसारखा हळूहळू वर येई. त्या तुकड्यात, बांधाच्या कडेला, सोजराबाईची पंचशीला होती.

चार वर्षांचीही झाली नव्हती. पाणी अडवलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात हगवण लागली आणि दिवस उगवायच्या आत पोर गेली. बापानं आणि चुलत्यानं उचलून नेली, पुरली. बाया तिकडं जात नसत, म्हणून सोजराबाई उंबऱ्याशीच राहिली. पुढच्या पावसाळ्यात गाव उठलं. लोकांनी दारं काढून आणली, माळवदाच्या तुळया काढून आणल्या, जात्याची पाळं आणली. सगळं घेतलं का, असं ज्यानं त्यानं ज्याला त्याला विचारलं. सोजराबाईलाही विचारलं. घेतलं, म्हणून तिनं सांगितलं.

दुष्काळाच्या साली पाणी पार मागं गेलं, तेव्हा एका दुपारी ती खडी फोडायच्या कामावरून उठली आणि सरळ खोडाच्या दिशेनं चालू लागली. नदीच्या जुन्या पात्राअलीकडंच गाळात कमरेइतकी रुतली. जळबानं दोर टाकून ओढून काढली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पहिली वाकडी फांदी घरामागं येऊन पडली होती.

शेवटची फासळी त्यानं कण्याच्या खाचेत बसवून पाहिली. बसली. तेवढ्यात पुढच्या दारी बोलणी ऐकू आली.

थोरला दीर कोंडीबा आला होता, मागं त्याची बायको मालनबाई, आणि सणाला कुरुंद्याहून आलेली नणंद भागूबाई. कोंडीबाचं घर वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. वाटण्या झाल्यापासून दोघी जावांत बोलणं कामापुरतंच राहिलं होतं. एका पितळी घागरीवरून बिनसलं होतं आणि घागर फुटून गेली तरी ते तसंच राहिलं. सोजराबाईनं डोक्यावर पदर ओढला आणि पाणी आणून ठेवलं. कोंडीबाशी ती सरळ कधी बोलत नसे. काही सांगायचं तर दुसऱ्याच्या तोंडून.

जेवणं झाली. कोंडीबा छपरात येऊन डोंग्याभोवती एक फेरी मारून आला, फासळ्यांवरून हात फिरवला.

"हाडं झाली म्हणायची," तो म्हणाला. "आता कातडं पायजे."

"फळ्या पायजेत," जळबा म्हणाला. "सागाच्या."

"माझ्या वाटणीच्या तुळया पडल्यात दारात. माळवद काय पुन्हा व्हत न्हाई. त्या घे."

जळबानं मान वर केली. त्याच्या वाटणीच्या तुळया कधीच घराच्या आढ्याला लागल्या होत्या, आणि भावाच्या मागायची त्याची हिंमत झाली नव्हती.

"पण एक हाय," कोंडीबा बाजेवर टेकला. "निंबाखालचा तुकडा म्या गाळपेरीला मागून घेतला. हापिसात व्हय म्हणलेत. ह्या साली आपण तिथं हरभरा टोकायचा."

"आबाचं वावर?" भागूबाईनं विचारलं.

"आबाचंच. पानी उतरलं का ओल्या गाळात बी टोकायचं. ना नांगर, ना खत. चैतात माल घरी." तो जळबाकडं वळला. "रोज सकाळी तोंड धुताना ते खोड दिसतं मला. तो बांध म्या आन आबानं घातला, मिसरूड फुटलं नव्हतं तवा. आन तोंड धुऊन म्या जातो कुठं? दुसऱ्याच्या वावरात, रोजानं. एक डाव त्या मातीत हात घालू दे मला, जळबा."

सोजराबाईनं त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. भागूबाई पदरानं डोळे पुसत होती. बाप गेला तेव्हा ती बाळंतपणात होती. तिचं माहेर म्हणजे आता ते खोडच होतं. जळबा बराच वेळ वासल्याची धार आंगठ्यानं चाचपत राहिला.

"बरं," तो म्हणाला.



"माणसं किती बसतील?" भागूबाईनं विचारलं.

"चार. बी आसलं तर तीन."

"मग तुमी दोघं भाऊ आन एखादा गडी. आमा बायांचं काय काम तिथं? आमी काठावरून पाहू."

"मला जायचंय," सोजराबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं पाहू लागले. तिला वाटलं होतं आपण मालनबाईला सांगतोय, पण शब्द सरळ कोंडीबाकडं गेले होते. आता मागं घेता येत नव्हते.

"हरभरा पेरा दादा, गहू पेरा. म्या नको म्हणत न्हाई. आधी मला दाखवा, ती कुठं हाय."

इतक्या वर्षांत या घरात हे कुणी बोललं नव्हतं. कोंडीबा खाली ढलप्यांकडं पाहत राहिला.

"आता तिथं काय दिसायचं, सोजरा? पान्यानं समदं सपाट केलं आसंल."

"मग सपाट दाखवा."

"गेल्याच्या मागं जाऊ न्हाई माणसानं. किती मागं वळून पाहायचं?"

"आन तुमी काय पाहून राहिले रोज तोंड धुताना?" मालनबाई म्हणाली.

ती खांबाला टेकून उभी होती. कोंडीबानं बायकोकडं पाहिलं. तिनं नजर काढली नाही.

"वयनी, तुमीबी?" भागूबाईला राग आला. "दादानं एवढं मन मोठं केलं. आबाचं वावर पुन्हा हाताला लागून राहिलं, आन तुमी दोघी त्यात काटे टाकता. लेकरू काय एकट्या सोजरावयनीचंच गेलं? माझंबी गेलं."

"तुझं कुठं हाय ते तुला ठावं हाय, भागू," मालनबाई म्हणाली.

कोंडीबा उठला. "डोंगा पेरणीला जाईल," तो म्हणाला. "आधी बी. बायांचं मागून पाहू. त्या बोलीवर तुळया घ्यायच्या तर घे."

जळबानं वासला जमिनीवर ठेवला.

"मग तुळया राहू द्या, दादा."

"काहून?"

"म्या पेरणीसाठी करून राहिलो न्हाई हे. मासळीसाठीबी न्हाई." तो बायकोकडं बघत नव्हता. "तुमाला ठावं हाय कशासाठी. खांद्यावर तुमी आन मीच तर नेली तिला. आंब्याच्या फळ्या लावीन. दोन खेपा टिकल्या तरी बास."

कोंडीबा पायात जोडा घालून निघून गेला. त्याच्या मागं भागूबाई गेली. मालनबाई मात्र थांबली. सोजराबाईच्या ओच्यात अडकलेली एक ढलपी तिनं काढली आणि बोटांत फिरवत राहिली.

"तिला आंघूळ म्या घातली व्हती," ती म्हणाली. "तुला तवा शुद नव्हती. केसात गाठी व्हत्या, त्या सोडवल्या. भांग पाडला." तिनं ढलपी खाली टाकली. "तुळया माझ्या दारात पडल्यात. उद्या गाडी धाडा, न्या."

"त्यांच्या मनाविरुध नको, बाई."

"त्यांचं मन म्या ओळखते."

"तरीबी नको," सोजराबाई म्हणाली. पण त्या रात्रीपासून तिला नवऱ्याच्या शेजारी पडताना वेगळंच वाटू लागलं. त्यानं चारचौघांत म्हटलं होतं ते. तुमाला ठावं हाय कशासाठी. ते शब्द ती अंधारात पुन्हा पुन्हा आठवून पाही, पंचशीलेचा चेहरा आठवून पाहायची तसे. चेहरा आता नीट येत नसे, हनुवटी यायची आणि बाकीचं विरघळून जायचं. शब्द मात्र बरोबर येत.

आंब्याची फळी लागली नाही. पहिलीच फासळ्यांना आवळताना मधोमध उलली. दुसरी जळबानं भिजवून घेतली, तीही उलली. दिवाळी सरली. तो छपरात नुसताच बसून राहायचा, रंध्याचं पातं घासायचा, पुन्हा बसवायचा.

मग एका सकाळी घरामागं बैलगाडी येऊन थांबली. गाडीत दोन्ही तुळया होत्या आणि त्यांच्यावर कोंडीबा बसला होता. तो उतरला. "धर," एवढंच म्हणाला.

दोघा भावांनी तुळई उंच लाकडी घोड्यांवर चढवली. जळबा वर उभा राहिला, कोंडीबा खाली. भुसा डोळ्यात जाऊ नये म्हणून त्यानं तोंडावरून पंचा गुंडाळला. आरा वर जाऊ लागला, खाली येऊ लागला. चुलीच्या धुरानं तुळई बाहेरून काळी ठिक्कर पडली होती. आतून साग पिवळाधमक निघाला आणि छपरात त्याचा तेलकट वास भरला. जुन्या घराचा वास असा नव्हता, पण सोजराबाईला तो तसाच वाटला. ती भुसा गोळा करत होती, तेव्हा आरा मध्येच थांबला.

"थांब जरा," कोंडीबा खालून म्हणाला.

तुळईच्या अंगाला एक गुळगुळीत खाच पडलेली होती. पाळण्याचे दोर घासून घासून पडलेली. त्या घरातली सगळी लेकरं त्याच जागी झोपली होती, कोंडीबाची आणि जळबाचीही. कोंडीबानं पंचा तोंडावरून खाली ओढला. त्यानं सोजराबाईकडं पाहिलं नाही.

"ही फळी आतल्या अंगाला घे," तो भावाला म्हणाला. "बाहेर नको. पानी लागंल."

जळबानं मान हलवली आणि आरा पुन्हा चालू झाला.

त्यानंतर कोंडीबा रोजगारावरून सुटला की येऊ लागला. रंधा मारला की सागाचे लांब, कुरळे काप निघत. फळी ओल्या पोत्यात गुंडाळून खालून शेणीचा मंद जाळ लावायचा, आणि नरम झाली की दोरानं फासळीला आवळायची, थोडी आज, थोडी उद्या. घाई केली तर उलायची. गिरमिटानं भोकं पाडून त्यात बाभळीच्या खुंट्या ठोकायच्या. एकानं धरायची, एकानं ठोकायची. दोघे भाऊ बोलत फार नसत, पण एकाचा हात पुढं आला की दुसरा बरोबर हवं ते हत्यार त्यात ठेवी.

फटी बुजवायला अंबाडी लागली. मालनबाईनं आपल्या घरची आणली. दोघी जावा उन्हात मांडीवर तिचं सूत वळत बसल्या. जवसाच्या तेलात राळ कढवून त्यात ते सूत भिजवायचं आणि बोथट पटाशीनं फटीत ठोसायचं. मालनबाईला हे काम सोजराबाईपेक्षा चांगलं जमलं. पितळी घागरीचा विषय कुणी काढला नाही. भागूबाईचा मात्र कुरुंद्याहून निरोप आला नव्हता. आला तो पौषात, बाजाराला आलेल्या माणसाच्या तोंडून: टोकताना एक मूठ माझ्या नावानं टोका.

डोंगा पाण्यात घातला तेव्हा पहिले दोन दिवस आत पाणी आलं. मग लाकूड फुगलं आणि फटी धरल्या.

संक्रांत सरली. खोडाच्या बुडाशी जमिनीची पाठ वर आली, दर दिवसाला थोडी जास्त. एका सकाळी कोंडीबा काठावर आला तो रिकाम्या हातानं. खांद्यावर फक्त लांब बांबू होता.

"बी?" जळबानं विचारलं.

"आज न्हाई घेतलं."

मालनबाई काठावरच राहिली. पाण्याचं भ्या वाटतं, म्हणाली. सोजराबाई डोंग्याच्या मधोमध बसली, दोन्ही हातांनी कड धरून. पुढं कोंडीबा बांबू टेकत होता, मागं जळबा वल्हवत होता. गावाची जुनी वाट कुठं असेल, पाणंद कुठं असेल, याचा ती अंदाज बांधत राहिली, पण पाण्याखालून काहीच कळेना. तिला वाटलं होतं मन फार उसळेल. तसं झालं नाही. फक्त खोड जवळ येत गेलं, आणि काठावरून दिसायचं त्याहून ते पुष्कळ मोठं होतं.

जमीन ओली, मऊ होती. वर भेगा पडू लागल्या होत्या. शिंपल्या विखुरलेल्या होत्या आणि बगळे उडून पलीकडं जाऊन बसले. बांध नव्हता. झुडूप नव्हतं. धोंडा नव्हता. कोंडीबा म्हणाला होता तसं सगळं सपाट होतं.

जळबा खोडापाशी उभा राहिला, वळला, चालत गेला आणि थांबला.

"इथं," तो म्हणाला.

कोंडीबा आला. त्यानं खोडाकडं पाहिलं, मग उगवतीकडं. "इथं न्हाई. बांध तिकडच्या अंगानं व्हता." तो बराच पुढं जाऊन उभा राहिला. "इथं."

"न्हाई दादा. खड्डा खांदताना निंबाची सावली माझ्या पाठीवर व्हती."

"सावली व्हती, पण दिवस कलला व्हता. सावली लांब गेल्ती."

"कलला नव्हता."

"जळबा, म्या खड्ड्यात उभा व्हतो. तुझ्यानं खाली वाकवलं न्हाई म्हणून म्या उतरलो. म्या घेतली तिला तुझ्या हातातून. मला ठावं न्हाई व्हय?"

जळबाचा चेहरा उतरला. "पण सावली पाठीवर व्हती," तो पुन्हा म्हणाला.

सोजराबाई दोघांच्या मधे उभी होती. तिला आजवर वाटत आलं होतं की जागा आपल्यालाच ठाऊक नाही. या दोघांना ठाऊक आहे आणि ते सांगत नाहीत. आता ती एकदा नवऱ्याकडं पाही, एकदा दिराकडं. दोघेही आपापल्या जागी पाय रोवून उभे होते, आणि दोघांचेही पाय गाळात हळूहळू खाली जात होते.

शेवटी कोंडीबानं बांबू उचलला. त्याच्या टोकानं त्यानं गाळात रेघ ओढायला सुरुवात केली. तो उभा होता तिथून जळबापर्यंत, मग वळून खोडाच्या मागून, मग पुन्हा आपल्या जागेपर्यंत. रेघेत लगेच पाणी भरत होतं.

"ह्या रेघेच्या आत न्हाई पेरायचं," तो म्हणाला.

"दादा, आर्धा तुकडा गेला की," जळबा म्हणाला.

"जाऊ दे."

दोघे भाऊ डोंग्यापाशी गेले आणि तिच्याकडं पाठ करून कडेवर बसले. सोजराबाई रेघ ओलांडून आत गेली. कुठं बसावं ते तिला कळेना, म्हणून ती आधी सगळीकडून चालली. मग बसली. गाळावर तळवा ठेवला. वरून ऊन होतं, आत गार होतं. ती काही बोलली असेल, तर ते त्या दोघांना ऐकू गेलं नाही. बगळे परत येऊन तिच्या आसपास चरू लागले.

दिवस कलला तरी जळबानं हाक मारली नाही. कोंडीबाच उठला. रेघेच्या अलीकडंच तो थांबला.

"वारा सुटंल आता," तो म्हणाला. "उद्या पुन्हा येऊ."

उद्या. सोजराबाईनं वर पाहिलं. तिच्या ध्यानातच आलं नव्हतं की उद्याही येता येईल. ती उठली, लुगड्याचा गाळ झाडला नाही.

"उद्या बी घ्या, दादा," ती म्हणाली. "आन रेघेच्या आतबी टोकू. तेवढं म्या टोकीन. भागूवन्संची मूठबी इथंच."

कोंडीबानं मान हलवली. डोंग्यात चढताना ती अडखळली. दिरानं भावजयीचा हात धरायची रीत नव्हती, म्हणून त्यानं बांबूचं एक टोक तिच्यापुढं केलं. ते घट्ट धरून ती आत चढली.